जाहिरात आणि 'जाहीर'पणा : ऑनलाइन व्हिडिओच्या अर्थव्यवहाराची वीस वर्षे

१

'जाहीर' हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. मूळ अरबी 'ज़ाहिर' या शब्दाचा अर्थ उघड, प्रकट, दृष्टीस पडणारे असा आहे. जाहीरनामा, जाहीर सभा, जाहीर लिलाव या शब्दप्रयोगांत तो अर्थ अद्याप शाबूत आहे : जे सर्वांसमक्ष घडते ते जाहीर. 'जाहिरात' हा शब्द याच कुळातला. मालाची स्तुती करून तो खपविणे हा जाहिरातीचा हेतू खरा. परंतु शब्दाच्या घडणीत त्या हेतूची खूण कोठेच नाही. शब्द सांगतो तो केवळ उघडपणा.

हा उघडपणा जाहिरातीचा अंगभूत गुण आहे, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. वृत्तपत्र, नभोवाणी आणि दूरदर्शन या तिन्ही साधनांच्या काळात त्या गृहीतास बाध आला नव्हता. ऑनलाइन व्हिडिओच्या वीस वर्षांच्या इतिहासात मात्र तो गुण क्रमाक्रमाने लोपला. हा लोप कसा घडला, त्यामुळे व्हिडिओच्या घडणीवर, किमतीवर आणि भाषेवर कोणते परिणाम झाले, आणि पुढील काळात त्याचे काय होण्याचा संभव आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. ऑनलाइन व्हिडिओची क्षेत्रे अनेक असली, तरी विवेचन मुख्यतः यूट्यूबपुरते मर्यादित ठेवले आहे. कारण या व्यवहाराच्या बहुतेक प्रथा तेथेच रूढ झाल्या आणि तेथून इतरत्र गेल्या.

२

यूट्यूबपूर्व परंपरा प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. चित्र किंवा ध्वनी श्रोत्याच्या घरी विनामूल्य पोचवावयाचा, तर त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नभोवाणीबरोबरच उद्भवला. इंग्लंडने त्याचे उत्तर परवानाशुल्काच्या रूपाने दिले. अमेरिकेने प्रायोजकाच्या हाती कार्यक्रम सोपविला. साबणाच्या कंपन्यांनी दुपारच्या कौटुंबिक मालिका पुरस्कृत केल्या, आणि 'सोप ऑपेरा' हे नाव त्यावरून पडले, हे सर्वश्रुत आहे.

भारतात दोन्ही मार्गांचा अनुभव आला. आकाशवाणीने आरंभी जाहिराती वर्ज्य मानल्या. त्यामुळे पुरस्कृत कार्यक्रमांचा ओघ सिलोन रेडिओकडे वळला. इ. स. १९५२ मध्ये तेथून सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' एका दंतधावनाच्या नावाने घरोघरी पोचली. पुढे १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिरातींस परवानगी मिळाली, आणि तिचा प्रारंभ मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांपासून झाला. दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती घेण्यात येऊ लागल्या. १९८४ मधील 'हम लोग' या मालिकेपासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले.

या सर्व प्रकारांत दोन गोष्टी समान होत्या. पहिली ही, की जाहिरात कार्यक्रमाला जोडलेली असे. जाहिरातदार विशिष्ट पानावरची जागा किंवा विशिष्ट कार्यक्रमापूर्वीचे सेकंद विकत घेई. तो कार्यक्रम कोण पाहतो याविषयी त्याला अंदाजच करावा लागे. दुसरी ही, की एका वेळी एकच जाहिरात सर्वांना दिसे. पुण्याचा वाचक आणि रत्नागिरीचा वाचक यांच्या हाती पडणाऱ्या अंकात जाहिरात तीच असे. तिच्यात खोटेपणा असेल तर तो सर्वांसमोर असे. कोणीही त्यास आक्षेप घेऊ शके, कोणीही तिची नक्कल करू शके, आणि पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ग्रंथालयातील बांधीव फायलीतून ती काढून वाचू शके.

डॅलस स्मायथ या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले, की प्रसारमाध्यमे जाहिरातदाराला जे विकतात तो माल म्हणजे स्वतः प्रेक्षक होय. दूरदर्शनच्या काळात हे विधान थोडे रूपकात्मक वाटे. कारण प्रेक्षकांची विक्री घाऊक होती. ती किरकोळ कशी झाली, हाच पुढील इतिहासाचा गाभा आहे.

३

यूट्यूबचे संकेतस्थळनाम १४ फेब्रुवारी २००५ रोजी नोंदविले गेले. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम हे तिघे संस्थापक पूर्वी पेपाल या कंपनीत एकत्र काम करीत होते. पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढविण्यात आला. सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या करीम यांचा तो अवघ्या १९ सेकंदांचा व्हिडिओ होता. पुढील वर्षाच्या जुलैपर्यंत तेथे दररोज सुमारे १० कोटी व्हिडिओ पाहिले जात होते.

ही वाढ जितकी विस्मयकारक तितकीच खर्चिक होती. व्हिडिओ साठविणे आणि प्रत्येक दर्शनाच्या वेळी तो प्रेक्षकापर्यंत वाहून नेणे या दोहोंस पैसा लागतो. नभोवाणीला एक नवा श्रोता मिळाला म्हणून प्रक्षेपणाचा खर्च वाढत नाही. येथे प्रत्येक नव्या प्रेक्षकाबरोबर खर्च वाढतो. लोकप्रियता हाच तोटा व्हावा, अशी ही स्थिती होती. शिवाय सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओंत परक्यांच्या मालकीचे चित्रपट, गाणी व दूरचित्रवाणीचे कार्यक्रम यांचा मोठा भरणा होता. ९ ऑक्टोबर २००६ रोजी गूगलने १६५ कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन यूट्यूब विकत घेण्याचा करार घोषित केला, तेव्हा उत्पन्न नगण्य आणि खटल्यांची भीती मोठी असा तो सौदा होता. ती भीती अनाठायी नव्हती. मार्च २००७ मध्ये व्हायकॉम कंपनीने १०० कोटी डॉलरांच्या भरपाईचा दावा लावला. तो २०१४ मध्ये तडजोडीने मिटला.

या कलहातून जी यंत्रणा निर्माण झाली तिचे महत्त्व खटल्याच्या निकालापेक्षा अधिक आहे. 'कंटेंट आयडी' या नावाने पुढे ओळखली गेलेली ही व्यवस्था २००७ मध्ये आली. मालकाने आपल्या कृतीची प्रत यूट्यूबकडे नोंदवावी. तिच्याशी जुळणारा व्हिडिओ कोणी चढविला तर यंत्राने तो ओळखावा. आणि मालकाने तो रोखावा, त्याची केवळ नोंद ठेवावी किंवा त्यावर जाहिरात लावून उत्पन्न घ्यावे, असे तीन पर्याय तिने दिले. तिसरा पर्याय निर्णायक ठरला. ज्याला चोरी म्हटले जात होते ती मालकाच्या उत्पन्नाची बाब झाली, आणि संगीत व चित्रपट कंपन्या वादीच्या भूमिकेतून भागीदाराच्या भूमिकेत आल्या.

४

जाहिरात लावावयाची हे ठरले. ती कोणत्या रूपात लावावी हे ठरण्यास आणखी काही वर्षे गेली. मे २००७ मध्ये निवडक व्हिडिओकारांना उत्पन्नात वाटा देणारी भागीदारी योजना सुरू झाली. ऑगस्टमध्ये चित्राच्या तळाशी पट्टीच्या रूपाने झळकणाऱ्या जाहिराती आल्या. डिसेंबर २०१० मध्ये पाच सेकंदांनंतर वगळता येणारी जाहिरात प्रचारात आली. तिचा नियम असा, की प्रेक्षकाने जाहिरात वगळली तर जाहिरातदाराने पैसे देऊ नयेत. तीस सेकंद, किंवा जाहिरात त्याहून लहान असल्यास ती संपूर्ण पाहिली गेली, तरच द्यावेत. दूरदर्शनच्या प्रेक्षकाला जो अधिकार कधीच नव्हता तो येथे मिळाला, हे मान्य केले पाहिजे. त्याबरोबरच जाहिरातीची वाक्यरचनाही पालटली. पूर्वी छोटे कथानक रचून शेवटी मालाचे नाव उच्चारण्याची पद्धत होती. आता ते नाव, किंवा निदान कुतूहल जागविणारे एखादे वाक्य, पहिल्या पाच सेकंदांत येणे आवश्यक झाले.

असाच परिणाम खुद्द व्हिडिओंवरही झाला, आणि तो मापनाच्या एककामुळे झाला. आरंभी 'व्ह्यू' म्हणजे दर्शनांची संख्या हे यशाचे माप होते. परिणामी भडक शीर्षके आणि फसवी मुखचित्रे यांचे पीक आले. व्हिडिओ एकदा उघडला गेला की काम झाले. २०१२ मध्ये यूट्यूबने शोध व शिफारस यांसाठी दर्शनसंख्येऐवजी पाहिलेल्या वेळेस प्राधान्य दिले. तत्क्षणी व्हिडिओ लांबू लागले. दहा मिनिटांहून मोठ्या व्हिडिओच्या मध्यावर जाहिराती लावता येत. म्हणून आठ मिनिटांचा विषय दहा मिनिटे ताणला जाऊ लागला. जुलै २०२० मध्ये ही मर्यादा आठ मिनिटांवर आणली गेली, आणि व्हिडिओकारांनी आपली लांबी त्याप्रमाणे बेतली. ज्याचे माप घेतले जाते त्याप्रमाणे कृती घडते, हा नियम वृत्तपत्री स्तंभाला आणि नाटकाच्या अंकालाही लागू आहे. येथे तो नियम एका कंपनीच्या एका निर्णयाने, जगभर, काही आठवड्यांत अमलात आला, एवढाच विशेष.

५

या काळात एक अधिक खोल बदल घडत होता. एप्रिल २००७ मध्ये गूगलने डबलक्लिक ही जाहिरातवितरण करणारी कंपनी ३१० कोटी डॉलरांस घेण्याचे घोषित केले. संकेतस्थळोस्थळी फिरणाऱ्या वाचकाची ओळख पटवून त्याला अनुरूप जाहिरात दाखविण्याचे तंत्र तिच्याकडे होते. शोधयंत्रावरील जाहिरातींसाठी गूगल २००० पासून जे तंत्र विकसित करीत आले होते, त्याच्याशी याचा संयोग झाला. व्हिडिओ उघडण्याच्या क्षणी, त्या एका प्रेक्षकासाठी, जाहिरातदारांमध्ये यंत्रामार्फत लिलाव होतो; प्रेक्षकाचे वय, गाव, आवडी, अलीकडे शोधलेल्या वस्तू यांवरून बोली लागते; आणि ज्याची बोली सरस ठरते त्याची जाहिरात त्या प्रेक्षकास दिसते. शेजारी बसलेल्या व्यक्तीस त्याच व्हिडिओपूर्वी वेगळी जाहिरात दिसते.

येथे जाहिरातीचा कार्यक्रमाशी असलेला संबंध तुटला. जाहिरातदार कार्यक्रम विकत घेईनासा झाला. तो माणूस विकत घेऊ लागला, आणि तो माणूस जेथे जाईल तेथे जाहिरात त्याच्या मागे गेली. स्मायथ यांचे विधान आता रूपक राहिले नाही. त्याचबरोबर जाहिरातीचा दुसरा गुणही गेला : ती सर्वांसमक्ष राहिली नाही. लिलाव राहिला, परंतु तो जाहीर लिलाव नव्हे. जाहिरात राहिली, परंतु ती एकाच्या कानातली कुजबूज झाली.

याची किंमत प्रथम जाहिरातदारांनीच मोजली. २०१७ च्या प्रारंभी लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकाने, नामवंत कंपन्यांच्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंवर झळकत असल्याचे उघडकीस आणले. आपली जाहिरात कोठे दिसते हे खुद्द जाहिरातदारास ठाऊक नव्हते. अनेक मोठ्या कंपन्यांनी जाहिराती थांबविल्या. त्याचा भार पुढे लहान व्हिडिओकारांवर पडला : जानेवारी २०१८ मध्ये उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्राइबर आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन अशी अट घालण्यात आली. नोव्हेंबर २०२० पासून मात्र, ज्या व्हिडिओकारांना वाटा मिळत नाही त्यांच्या व्हिडिओंवरही जाहिराती लावण्याचा अधिकार यूट्यूबने स्वतःकडे घेतला.

दुसरा आघात मुलांच्या निमित्ताने झाला. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करून तिच्या आधारे जाहिराती दाखविल्याच्या आरोपावरून, सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि न्यूयॉर्क राज्याशी झालेल्या तडजोडीत १७ कोटी डॉलरांचा दंड भरण्यात आला. हा दंड व्यवसायाच्या मानाने किती होता, हे पुढील आकड्यांवरून दिसेल. जाहिरातींपासून मिळणारे यूट्यूबचे उत्पन्न मूळ कंपनीने फेब्रुवारी २०२० पर्यंत स्वतंत्रपणे जाहीरच केले नव्हते. तेव्हा प्रकट झालेला २०१९ चा आकडा सुमारे १,५१५ कोटी डॉलर होता. २०२१ मध्ये तो सुमारे २,८८५ कोटी आणि २०२४ मध्ये सुमारे ३,६१५ कोटी डॉलर झाला.

६

भारतासाठी यूट्यूबची स्वतंत्र आवृत्ती मे २००८ मध्ये निघाली. २०१० मध्ये आयपीएलचे सामने तेथून थेट दाखविण्यात आले. तथापि व्हिडिओ सर्वसामान्यांच्या हाती गेला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील डेटा स्वस्त झाल्यानंतर. मराठीत याच वर्षी 'भारतीय डिजिटल पार्टी' अर्थात भाडिपा हे चॅनेल सुरू झाले, आणि नाट्यगृह व दूरचित्रवाणी या दोहोंच्या बाहेर मराठी अभिनेते, लेखक व विनोदकार यांना एक नवे व्यासपीठ मिळाले. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स' या लघुव्हिडिओंचा पहिला प्रयोग भारतातच केला. २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या हंगामांचे भारतीय उपखंडातील डिजिटल हक्क २३,७५८ कोटी रुपयांना गेले. दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटींना. फरक अल्प असला तरी जाहिरातदाराची दृष्टी कोठे वळली आहे हे त्यावरून स्पष्ट होते.

मराठीच्या दृष्टीने या व्यवस्थेचा परिणाम काय झाला? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे सुमारे ८ कोटी ३० लक्ष आहेत. तेव्हा प्रेक्षकांची वाण नाही. परंतु उत्पन्न प्रेक्षकांच्या संख्येवरून ठरत नाही. लिलावात त्या प्रेक्षकासाठी किती बोली लागते यावरून ते ठरते, आणि बोली क्रयशक्तीच्या अंदाजावर लागते. त्यामुळे अमेरिकेतील प्रेक्षकाच्या एका दर्शनाचे मोल भारतातील प्रेक्षकाच्या दर्शनाहून पुष्कळ अधिक असते.

याहून सूक्ष्म परिणाम भाषेवर आहे. मराठी वृत्तपत्राचा वाचक हवा असेल तर जाहिरातदारास मराठीत जाहिरात लिहावी लागे. कार्यक्रमाची भाषा जाहिरातीवर बंधन घाली. जाहिरात माणसामागे जाऊ लागल्यावर हे बंधन उरले नाही. मराठी प्रेक्षकास हिंदी समजते, हे यंत्रास त्याच्या इतर दर्शनांवरून कळते. मग त्याच्यासाठी निराळी मराठी जाहिरात करण्याचा खर्च जाहिरातदाराने का सोसावा? म्हणूनच मराठी व्हिडिओपूर्वी हिंदी जाहिरात लागते आणि कोणास आश्चर्य वाटत नाही. वृत्तपत्रांनी आणि विविध भारतीने मराठी जाहिरातलेखनाची जी परंपरा पोसली, तिच्या पायाखालचा आर्थिक आधार अशा रीतीने सरकला आहे.

लिलावातून मिळणारे उत्पन्न अपुरे पडल्याने मराठी चॅनेले, इतर भारतीय भाषांतील चॅनेलांप्रमाणेच, प्रायोजकाकडे वळली. विनोदी प्रसंगात एखाद्या ॲपचे नाव यावे, पाककृतीत विशिष्ट मसाल्याचे पाकीट दिसावे, ही 'बिनाका'च्या रीतीची पुनरावृत्तीच होय. तीत जाहिरात पुन्हा कार्यक्रमाला जोडली जाते, सर्वांना तीच दिसते, आणि तिची भाषा कार्यक्रमाचीच असते. परंतु एक उणीव राहते : ही जाहिरात आहे हेच पुष्कळदा सांगितले जात नाही. लिलावाच्या जाहिरातीत ती जाहिरात असल्याचे उघड असते, पण ती कोणाकोणाला दाखविली हे झाकलेले असते. प्रायोजित व्हिडिओत ती सर्वांना दिसते, पण तिचे स्वरूप झाकलेले असते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, आणि केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, अशा व्हिडिओंवर जाहिरात असल्याची स्पष्ट नोंद करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या या दुसऱ्या उणिवेवरील उपाय होत.

७

भविष्याविषयी काही दिशा स्पष्ट दिसतात. वर्गणी हा जाहिरातीस पर्याय ठरेल, ही अपेक्षा फोल ठरली आहे. जाहिरातमुक्ततेचा अभिमान बाळगणाऱ्या नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह स्वस्त वर्गणी आणली. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत आणि जून २०२५ मध्ये भारतात जाहिराती सुरू केल्या. दुसऱ्या बाजूने, व्हिडिओ हातातील फोनवरून दिवाणखान्यात परतला आहे. नील्सनच्या मापनानुसार मे २०२५ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणी संचांवर पाहिल्या गेलेल्या एकूण वेळेपैकी ऑनलाइन प्रसारणाचा वाटा केबल व पारंपरिक प्रक्षेपण यांच्या बेरजेपेक्षाही अधिक झाला. त्यात यूट्यूबचा वाटा सर्वांत मोठा होता. ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा २०२९ पासून यूट्यूबवर दिसावयाचा आहे, असे डिसेंबर २०२५ मध्ये घोषित झाले. कुटुंब पुन्हा एका पडद्यासमोर बसणार. त्या वेळी लिलाव कोणाच्या नावाने होणार, हा प्रश्न व्यवसायापुढे आहे.

भाषेच्या बाबतीत यंत्रानुवाद हा नवा घटक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने व्हिडिओंच्या स्वयंचलित ध्वनिरूपांतराची सोय विस्तृत प्रमाणावर खुली केली, तेव्हा प्रारंभीच्या भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. मराठीसाठी अशी सोय असली की परभाषेतील व्हिडिओ मराठीत येतील, आणि मराठी व्हिडिओ परभाषिकांपर्यंत जातील. या दोहोंपैकी कोणता ओघ प्रबळ होईल हे पुन्हा प्रेक्षकाच्या बोलीवरच अवलंबून राहील.

'जाहीर'पणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना मात्र कायद्याच्या क्षेत्रातील आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवाविषयक कायद्यानुसार, ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबसारख्या अतिविशाल व्यासपीठांना आपल्याकडील जाहिरातींचे सार्वजनिक भांडार ठेवावे लागते. जाहिरातीचा मजकूर, ती कोणाच्या वतीने व कोणाच्या पैशाने दिली, कोणत्या काळात दाखविली, कोणत्या गटांस उद्देशून दाखविली, आणि किती जणांपर्यंत पोचली, ही माहिती कोणाही नागरिकास पाहता येते. जाहिरात पुन्हा जाहीर करण्याचा हा कायद्याने केलेला पहिला मोठा प्रयत्न होय. तथापि शेवटचे दर्शन झाल्यापासून एक वर्षापर्यंतच नोंद ठेवण्याचे बंधन त्यात आहे. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांवर लक्ष ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. सर्व जाहिरातींच्या सार्वजनिक भांडाराची तरतूद त्यात नाही. गूगलने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास राजकीय जाहिरातींचा, आणि मार्च २०२३ मध्ये इतर जाहिरातींचा जो संग्रह खुला केला, तो कंपनीने स्वतः ठरविलेल्या मर्यादेत आहे.

या उणिवेची झळ संशोधनाला लागणार आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी माणूस कोणती औषधे घेई, कोणती पुस्तके विकत घेई, त्याला कोणत्या शब्दांनी भुलविले जाई, हे आज ठरविता येते. कारण जुन्या वृत्तपत्रांच्या पानांवर त्या जाहिराती तशाच आहेत. २०१५ साली सोलापूरच्या एखाद्या प्रेक्षकास एखाद्या व्हिडिओपूर्वी कोणती जाहिरात दिसली, ती कोणत्या भाषेत होती, आणि शेजाऱ्यास तीऐवजी कोणती दिसली, हे आज सांगता येत नाही. पुढेही सांगता येणार नाही. व्हिडिओ उरला आहे, त्यावरील दर्शनांचा आकडा उरला आहे. ज्या जाहिरातीने त्याचा खर्च भागविला ती नाहीशी झाली आहे. ज्या व्यवहाराची कागदपत्रे मागे राहत नाहीत त्याचा इतिहास त्या व्यवहारातील बलवान पक्षच लिहितो. म्हणून भारतात जाहिरातींच्या सार्वजनिक भांडाराची मागणी ग्राहकहितैषी संस्थांइतकीच विद्यापीठांनीही केली पाहिजे. आणि ती मान्य होईपर्यंत, मराठी प्रेक्षकांस दिसणाऱ्या जाहिरातींचे नमुने त्यांच्या संमतीने, दिनांक व स्थळ यांच्या नोंदीसह जमविण्याचे काम भाषा व इतिहास या विभागांनी हाती घेतले पाहिजे. या कामास मोठे द्रव्य लागत नाही. विलंब मात्र परवडणारा नाही.